विमानाच्या फोटोला साल असतं

खान्देशातल्या घरांतून विमानाचे फोटो बरेच निघतात. कुणाच्या लोखंडी पेटीच्या तळाशी, कुणाच्या देव्हाऱ्याशेजारच्या फ्रेममध्ये, कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये शेवटच्या पानाला चिकटवलेले. फोटो माझ्या हातात देताना सगळे एकच विचारतात, "हे विमान कोणतं?" नाव कळलं की त्यांचं समाधान होतं. माझं काम मात्र तिथून सुरू होतं. विमानाचा प्रत्येक भाग कुठल्या तरी साली पहिल्यांदा बनला, कुठल्या तरी साली बदलला आणि कधी तरी बंद झाला. असा भाग फोटोत दिसला की फोटोला साल मिळतं. आणि साल मिळालं की त्यात उभ्या असलेल्या माणसांचा हिशेब लागतो.

कागदाला साल मिळवून देण्याचं हे वेड धुळ्याला नवं नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्यभर गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या मालेचा पहिला खंड त्यांनी 1898 साली काढला. 31 डिसेंबर 1926 रोजी ते इथेच, धुळ्यात गेले आणि पाठोपाठ 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. पत्र कुणी कुणाला लिहिलं यापेक्षा ते कधी लिहिलं हे आधी ठरवा, कारण मिती चुकली की सगळा अर्थ फिरतो, ही शिस्त त्या परंपरेने आपल्याला दिली. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. देवपुरात माझा फोटो स्टुडिओ होता. पण हीच शिस्त फोटोलाही लागू पडते, असं मला मनापासून वाटतं. फोटो हाही कागदच आहे, आणि तोही वाचावा लागतो.

देवपूर म्हणजे पांझरेच्या पलीकडचं धुळं. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांना नंबर आहेत. नदी ओलांडून देवपुरात आलं की एकवीरा देवीचं मंदिर, पुढे वाडीभोकर रोड, नकाणे रोड आणि त्या अंगाला गोंदूरची धावपट्टी. मुंबईच्या जुहूवरच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने शिकाऊ वैमानिकांसाठी ही धावपट्टी घेतल्यापासून देवपूरच्या डोक्यावर लहान विमानांची घरघर नेहमीची झाली आहे. इथली पोरं गच्चीवर पतंग उडवता उडवता वर बघून सांगतात, "सेसना गेलं." ज्या गावाच्या आकाशात विमान रोजचं आहे, त्या गावाला आपल्या जुन्या फोटोंतली विमानं ओळखता यायलाच हवीत.

पण खऱ्या विमानांच्या आधी खोट्या विमानांबद्दल बोललं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंतली कितीतरी विमानं कधी जमिनीवरून उठलेलीच नसतात. ती प्लायवूडची किंवा कापडावर रंगवलेली असतात. चैत्रातली एकवीरेची यात्रा, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, अशा ठिकाणी फोटोवाल्याचा तंबू लागायचा. आत चंद्रकोर, मोटारगाडी, मोटारसायकल आणि विमान. विमानाला मधे भोक. त्यातून डोकं आणि हात बाहेर काढून बसायचं, नव्या जोडप्याने शेजारी शेजारी. या पडद्यांना हसू नये. भारतातल्या फोटोचित्रणाच्या इतिहासात त्यांना मोठी जागा आहे. क्रिस्टोफर पिन्नी या अभ्यासकाने मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंवर काम केलं आणि 1997 साली 'कॅमेरा इंडिका' हे पुस्तक लिहिलं. फोटोत माणूस जसा आहे तसाच दिसला पाहिजे असं गिऱ्हाइकाला वाटत नव्हतं. आपण काय होऊ शकतो ते त्याला फोटोत हवं होतं. कापूस विकून यात्रेला आलेल्या शेतकऱ्याने बायकोला विमानात बसवलं, ते त्या तंबूत. त्या जोडप्यासाठी तो खरा प्रवास होता आणि त्याचा फोटो हा खरा पुरावा आहे. फक्त कशाचा पुरावा, ते नीट सांगायला हवं.

रंगवलेलं विमान ओळखायला भिंग लागत नाही. सावली बघावी. खऱ्या विमानाची सावली पंखाखाली जमिनीवर पडते. रंगवलेल्याची सावली चित्रकाराने काढली तरच असते, आणि ती माणसाच्या सावलीशी जुळत नाही. चाकं बघावीत. खऱ्या चाकाचा टायर वजनाने खाली किंचित दबतो, रंगवलेलं चाक पूर्ण गोल असतं. मग अक्षरं. चित्रकाराला शेपटीवर काही तरी लिहायचं असतं म्हणून तो 'एअर इंडिया' लिहितो, कधी गावाचं नाव लिहितो, कधी स्वतःचं.

आता खरी विमानं. लांबून दिसणारं विमान अवयवांवरून ओळखायची पद्धत युद्धाने घडवली. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरून तीन दिवस झाले होते. 6 सप्टेंबर 1939 रोजी लंडनच्या पूर्वेला ब्रिटनच्याच स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन विमानं शत्रूची समजून पाडली आणि एक वैमानिक मेला. आकाशातलं विमान ओळखता येणं ही जीवनमरणाची गोष्ट आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पुढे 1941 साली तिकडे विमान ओळखण्यालाच वाहिलेलं 'एरोप्लेन स्पॉटर' नावाचं नियतकालिक निघालं. शाळकरी मुलं, टपालवाले, पहारेकरी काळ्या छायाकृतींची पत्रकं घोकू लागले. त्यातून एक क्रम रुजला: आधी पंख, मग इंजिन, मग धड, मग शेपूट. आजही फोटो हातात आला की मी याच क्रमाने जातो. रंग शेवटी पाहतो, कारण रंग मालक बदलला की बदलतो. पंख बदलत नाहीत.

पंखांची पहिली तपासणी सोपी असते. एकावर एक दोन जोड्या आहेत की एकच? दोन असतील आणि विमान लहान, उघड्या बैठकीचं असेल, तर आपल्याकडे पहिला संशय डी हॅविलंड कंपनीच्या मॉथ घराण्यावर जातो. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. जे. आर. डी. टाटा तिथेच उडायला शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. त्या काळातली जिप्सी मॉथ आणि नंतरची टायगर मॉथ यांच्यात लोक नेहमी गफलत करतात. दोघींतला फरक नाकात आणि पंखांत आहे. जिप्सी मॉथच्या पहिल्या इंजिनाचे सिलिंडर वरच्या बाजूला उभे असायचे, म्हणून नाकावर उंचवटा दिसतो. टायगर मॉथचं इंजिन उलटं टांगलेलं, सिलिंडर खाली; त्यामुळे नाक वरून उतरतं होतं आणि वैमानिकाला पुढचं स्वच्छ दिसतं. टायगर मॉथचे पंख टोकाकडे मागे झुकलेले असतात. त्यामागे कारण आहे. पुढच्या बैठकीतल्या माणसाला पॅराशूट बांधून चटकन बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्याने तोल पुढे गेला, तो मागे आणण्यासाठी पंखांची टोकं मागे वळवावी लागली. टायगर मॉथ पहिल्यांदा उडाली ती ऑक्टोबर 1931 मध्ये. म्हणजे झुकलेले पंख दिसले की फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. एका पंखाच्या झुकण्यातून इतकं हाती लागतं.

घराण्यातली दुसरी शाखा एकपंखी, बंद खोलीची. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले आणि जुहूला आले, ते पस मॉथमधून. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंटने केला. या उड्डाणाच्या पन्नासाव्या वर्षी, 1982 साली, 78 वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीहून मुंबईला एकटे उडत आले, पण तेव्हाचं विमान लेपर्ड मॉथ होतं. दोन्ही विमानांना डोक्यावर एक पंख, दोन्हींची ठेवण सारखी. म्हणून 1982 चा फोटो 1932 च्या लेखात सहज जाऊन बसतो. ओळखायचं कसं? खोलीच्या काचेतून आत बघावं. लेपर्डमध्ये वैमानिक पुढे मधोमध एकटा आणि मागे दोघे खांद्याला खांदा लावून बसतील अशी बैठक. पस मॉथची खोली त्याहून अरुंद, मागचा माणूस किंचित बाजूला सरकून बसणारा. आणि विमान न ओळखताही साल सापडावं अशी एक गोष्ट त्या फोटोत असतेच: वैमानिकाचे पांढरे केस.

खान्देशाचा या इतिहासाशी संबंध काय, असं मला विचारतात. 6 नोव्हेंबर 1937 रोजी टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशा थांब्यांनी. नकाशावर मुंबईपासून इंदूरपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढावी. ती आपल्या साक्री तालुक्यावरून जाते. साक्रीकडच्या एखाद्या घरात "आमच्या आज्याने युद्धाच्या आधी शेतातून टपालाचं विमान जाताना पाहिलं" अशी आठवण निघाली तर तिला भाकडकथा म्हणून उडवून लावू नये. तिच्या बाजूने नकाशा साक्ष देतो.

आता एक फोटो जवळून बघू. गोंदूरच्या एका घरातून आला होता. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, कडा कातरलेल्या. घरातली नात मला काका म्हणते, तिच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्यांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, "आबा, हाई इमान कोनतं शे?" फोटोत लहान विमान तिरकं उभं. पुढे धोतर, कोट आणि टोपी घातलेले आजोबा, कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा. घरातली समजूत अशी की फोटो इंग्रजांच्या राज्यातला आणि कडेवरचा मुलगा म्हणजे थोरला, जो पुढे तरुणपणीच वारला. त्याचा दुसरा फोटो घरात नाही.

मी भिंग लावलं. पंख एक, डोक्यावर. पंखापासून खाली दोन दांड्या येऊन धडाच्या तळाशी एकत्र होतात, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. नाकाखाली चाक नाही. पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक बारकं चाक, त्यामुळे विमान मागे टेकून, नाक वर करून उभं. पंखावर ऊन तिरपं पडलं होतं आणि पतंगाच्या कागदातून कामट्या दिसाव्यात तशा आतल्या फासळ्या उठून दिसत होत्या. म्हणजे पंखावर पत्रा नव्हता, कापड होतं. नाक चहूबाजूंनी बंद, सिलिंडर बाहेर आलेले नाहीत. म्हणून जुनं पायपर कब बाद. कब आणि युद्धातलं एल-5 यांच्यात माणसामागे माणूस बसतो, ऑस्टरच्या कितीतरी जातींत मागे जादा बैठक असते, त्यामुळे त्यांची काच बरीच मागपर्यंत जाते. इथे खोली आखूड होती, खिडकी लवकर संपत होती. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं विमान. आणि धडावर, आजोबांच्या टोपीच्या वर, अक्षरं: व्ही, टी, आडवी रेघ, मग एक उभी दांडी आणि तिला उजवीकडे लागून पोटाचा अर्धा गोल. पुढचं टोपीने झाकलेलं.

हे पुष्पक. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने देशातल्या फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं दोन जागांचं, 90 अश्वशक्तीच्या इंजिनाचं विमान. अमेरिकन एरॉन्का चीफच्या धर्तीवर बेतलेलं. अशी दीडशेच्या आसपास विमानं बनली आणि भारतातल्या कितीतरी वैमानिकांनी पहिला गिरक्यांचा धडा त्यांच्यावर घेतला. पुष्पक पहिल्यांदा उडालं 1958 साली. तेव्हा इंग्रज जाऊन अकरा वर्षं झाली होती.

पुष्पकामागचा माणूस मराठी होता, आणि हे प्रत्येक मराठी शाळेत सांगितलं गेलं पाहिजे. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म 1908, कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतीशास्त्रात डॉक्टरेट केली. आधुनिक वायुगतीशास्त्राचा पाया घातलेल्या माणसांत प्रांट्ल अग्रभागी. तिथून परतून घाटग्यांनी बंगळुरूत एचटी-2 हे शिकाऊ विमान आखलं आणि ते 5 ऑगस्ट 1951 रोजी उडालं: भारतात आखलेलं आणि भारतात बनलेलं पहिलं शक्तिचालित विमान. एचटी-2 ओळखायला सोपं. पंख खाली, दोन बैठका एकामागे एक, वर काचेचं लांब छत, शेपटीखाली चाक. त्यानंतर पुष्पक आणि त्याचा थोरला भाऊ शोभावा असं कृषक, जे लष्कराने टेहळणीसाठी वापरलं. आपल्या घरातल्या फोटोत पुष्पक निघालं तर त्या फोटोत घाटग्यांच्याही कामाचा अंश आहे, हे ध्यानात ठेवावं.

गोंदूरच्या फोटोचा निकाल मात्र अजून पुढे गेला. थोरला मुलगा जन्मला 1944 मध्ये. पुष्पक येईस्तोवर तो चौदा वर्षांचा झाला असणार. कडेवरचं तीन वर्षांचं पोर तो असू शकत नाही. धाकटा जन्मला 1957 साली. म्हणजे 1960 च्या सुमारास काढलेला हा फोटो धाकट्याचा, म्हणजे समोर बसलेल्या नातीच्या वडिलांचा. तिने फोटो परत घेतला, बराच वेळ त्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पप्पांचा लहानपणीचा एकही फोटो नव्हता आमच्याकडे." शेपटीखालच्या एका चाकाने आणि व्हीच्या दोन दांड्यांनी त्या घराला हे दिलं.

अक्षरांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात पक्का पुरावा तोच. नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय ठरावानुसार भारताच्या वाट्याला व्हीटी ही अक्षरं आली आणि 1929 पासून ती चालू आहेत. त्यापुढची तीन अक्षरं त्या एका विमानाची. सुरुवातीला ती ओळीने दिली गेली. टाटांच्या पहिल्या टपालाच्या पस मॉथवर व्हीटी-एडीएन होतं. 1960 मध्ये एअर इंडियाच्या बोइंग 707 विमानांवर 'व्हीटी-डी'ने सुरू होणारी अक्षरं दिसतात. 1971 साली आलेलं पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', व्हीटी-ईबीडी होतं. म्हणजे ए, डी, ई या पहिल्याच अक्षराने पिढी कळते. गोंदूरच्या फोटोतली ती उभी दांडी आणि पोटाचा अर्धा गोल हा डी होता, आणि तो पुष्पकाच्या काळाशी नेमका जुळतो. आंतरराष्ट्रीय नियमाने धडावरची अक्षरं निदान 30 सेंटिमीटर उंच आणि पंखाखालची निदान 50 सेंटिमीटर असावी लागतात. त्यामुळे अक्षरांचा मोजपट्टीसारखाही उपयोग होतो: अक्षराशेजारी उभ्या माणसाच्या मानाने विमान केवढं, याचा अदमास येतो.

आजच्या गोंदूरकडे वळू. जुहूवर रहदारी वाढली आणि क्लबाच्या शिक्षणाला मोकळं आकाश हवं होतं, ते धुळ्याने दिलं. शिरपूरजवळ तांड्याच्या धावपट्टीवरही वैमानिक घडतात, जळगावच्या विमानतळावरही. म्हणून आजच्या खान्देशी फोटोत सगळ्यात जास्त येतं ते सेसना: पंख डोक्यावर, पण दांडी एकच, धड पत्र्याचं, नाकाखाली चाक. 152 आणि 172 यांतला फरक खिडकीत आहे. 172 चार माणसांचं. दारामागे मागच्या बाकासाठी लांब खिडकी असते. 152 दोघांचं, दारामागची काच आखूड. जुन्या फोटोत हेच घराणं आणखी बोलतं. 172 ची शेपटी सुरुवातीला सरळ उभी होती, 1960 च्या मॉडेलपासून मागे झुकली; मागची काच आली 1963 मध्ये. 152 चं थोरलं भावंड 150, त्याला मागची काच 1964 मध्ये आणि झुकलेली शेपटी 1966 मध्ये. 152 बनायला लागलं 1977 साली आणि बंद झालं 1985 साली. 172 मात्र 44,000 हून अधिक बनली, जगात इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलं नाही. पंख खाली, दार फक्त उजव्या बाजूला आणि तेही पंखावर चढून उघडायचं, तर पायपर चेरोकीचं घराणं. शेपटीवर आडवा पंख अगदी टोकाला बसवलेला आणि मुख्य पंख लांब सडपातळ, तर डायमंड.

एका विमानासाठी मात्र छायाकृतींचं कुठलंच पत्रक उपयोगी नाही, आणि त्याची कथा धुळ्याच्या धावपट्टीवर येऊन उभी राहते. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं गेलं. 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी. ही तीन अक्षरं नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली. 2020 साली त्याची चाचणी उड्डाणं झाली ती धुळ्यात. जगात त्या जातीचं ते एकच. आज नोंदणी अक्षरं मालकाच्या पसंतीनेही मिळतात, म्हणून एनएमडी वाचून 'एन' आलं म्हणजे फोटो अमुक दशकातला, असा हिशेब करता येत नाही. जुन्या फोटोंत अक्षरं काळ सांगतात, नव्यांत ती इच्छा सांगतात.

फोटोही फसवतो, आणि इथे माझ्या धंद्याचा अनुभव कामी येतो. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये उलटी बसली की सगळं चित्र डावं-उजवं होतं. अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं. दिसत नसतील तर शर्टाचा खिसा बघावा, तो डावीकडे हवा. पायपरचं दार डावीकडे दिसलं तर विमान विचित्र नाही, प्रिंट उलटी आहे. मोबाइलच्या फोटोत फिरता प्रोपेलर वाकडा, तुटका, कधी तर तुकडे हवेत तरंगताना दिसतो. त्याला विमानाचा दोष समजू नये. मोबाइल सगळं दृश्य एका क्षणी टिपत नाही, ओळीओळीने टिपतो, आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यात शटर सावकाश, म्हणून तिथे प्रोपेलरची धूसर चकती दिसते. फोटो कुठल्या यंत्राने काढला, हे त्या चकतीवरूनही उमगतं.

विमान ओळखण्याच्या भरात फोटोचा कागद विसरला की केवढी चूक होते, याचं उदाहरण 2017 सालचं आहे. 1937 मध्ये पॅसिफिकवर बेपत्ता झालेली वैमानिक अमेलिया इअरहार्ट जपान्यांच्या ताब्यात जिवंत होती, असा दावा एका अमेरिकन माहितीपटाने केला. आधार एका फोटोचा: धक्क्यावर बसलेली पाठमोरी व्यक्ती आणि तराफ्यावर विमानासारखं काहीतरी. तज्ज्ञ केसांची ठेवण आणि खांदे मोजत बसले. माहितीपट दाखवला जाताच काही दिवसांत एका जपानी अभ्यासकाने तोच फोटो 1935 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात दाखवून दिला. म्हणजे ती बेपत्ता होण्याच्या दोन वर्षं आधीचा. आधी मिती, मग अर्थ. राजवाड्यांच्या धुळ्याला हे वेगळं सांगावं लागू नये.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मला कायम बोचते. फोटोतल्या प्रत्येक विमानाची कुठे ना कुठे नोंद असते. कारखान्याचा क्रमांक, नोंदणीची अक्षरं, मालक, विकलं कधी, भंगारात गेलं कधी. अक्षरं नीट दिसली की शंभर वर्षांपूर्वीच्या मॉथचीही जन्मकुंडली निघते. पण त्या विमानापुढे उभ्या असलेल्या माणसाची कुठेच नोंद नसते. धोतर-टोपीतला तो खान्देशी माणूस तिथे कसा पोचला, त्याने फोटोसाठी किती पैसे दिले, त्याच्या कडेवर कोण, हे कुठल्याही नोंदवहीत नाही. ते आठवणारं शेवटचं माणूस घरात आहे तोवरच ते आहे.

म्हणून गोंदूर, शिरपूर, जळगावच्या धावपट्ट्यांजवळ राहणाऱ्या आणि पेटीत विमानाचा फोटो असलेल्या प्रत्येक घराला माझी हात जोडून विनंती आहे. फोटो काचेतून काढा, मागे शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनने नको, त्याची शाई पुढे उमटते आणि दाबाने वळ उठतात. विमानाचं नाव माहीत नसलं तरी चालेल, ते फोटोतूनच काढता येतं. माणसांची नावं, एकमेकांशी नातं, गाव, आणि फोटो कुणी सांगितल्यावर काढला ते लिहा. मोबाइलमधल्या फोटोंचंही तेच करा, कारण तारखेची नोंद फोटो पुढे पाठवताना गळून जाते. विमानाचं साल शोधून द्यायला माझ्यासारखे आहेत. आजोबांचं नाव शोधून द्यायला तुमच्याशिवाय कुणी नाही.